चांदणी उतरवताना



नाताळ सरला.
आपल्याच पालघर जिल्ह्यात, वसईत,
घराघरांवर चांदण्या लागल्या होत्या.
अंगणात येशूजन्माचे गोठे सजले होते.

ही सजावट उतरवायची कधी?
जुनी रीत सांगते, 6 जानेवारीनंतर.
तो बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचा सण.
गोव्यात रेइश मागुशला याच राजांच्या नावाचं चर्च आहे.

सजावट उतरवताना एक लक्षात ठेवा.
आधी वीज बंद. मग दिव्यांच्या माळेला हात.
प्लग धरून काढा, वायर ओढू नका.
माळ पुठ्ठ्यावर सैलसर गुंडाळा.
टोक पुठ्ठ्याच्या खाचेत अडकवा.
पुढच्या वर्षी गुंता सोडवत बसावं लागणार नाही.

गोठ्यातल्या मूर्ती कोरड्या फडक्यानं पुसा.
कागदात एकेक गुंडाळा.
बाळ येशू सगळ्यात वर ठेवा.
गोठ्यातला पेंढा गुरांना घालायचा असेल,
तर त्यातली चमकी, तारा, टाचण्या आधी वेचा.
हे मी कळकळीनं सांगते.
गुरांच्या पोटात तार गेली, तर जिवावर बेततं.

जामसर, जव्हार, मोखाड्याच्या श्रोत्यांना जपणं नवं नाही.
बोहाड्याचा उत्सव संपला, की मुखवटे किती मायेनं ठेवता तुम्ही!
तीच माया या चांदणीला.

आणि पुन्हा सांगते:
आधी वीज बंद,
मग माळेला हात.