नोटीस कुणाच्या नावाने?

बीड जिल्ह्याला नोटीस नवी नाही. सोसायटीची थकबाकी, महावितरणचे बिल, भूसंपादन, भावकीतला बांध, यांपैकी कशाची तरी नोटीस बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेलेली असते. तिच्याशी वागायची रीतही ठरलेली आहे. पाकीट दिसले की कर्ता माणूस रानात निघून जातो, म्हातारी ‘मला कुठं वाचता येतंय’ म्हणते आणि कागद फडताळात जुन्या बिलांखाली जातो. पण श्रोतेहो, एका नोटिसीला पोस्टमन लागत नाही. ती थेट पडद्यावर उमटते, आणि तीही सिनेमा आता सुरू होईल म्हणून वाट बघत बसलेल्या माणसासमोर.

ऑगस्ट 2016 मध्ये ही नोटीस देशभर गाजली. कोर्टाच्या आदेशाने इंटरनेट कंपन्यांनी काही संकेतस्थळे बंद केली होती. तिथे गेलेल्याला सिनेमाऐवजी इंग्रजी मजकूर दिसू लागला. इथला मजकूर बघणे, उतरवून घेणे, दाखवणे किंवा त्याची नक्कल करणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड आहे, अशा अर्थाचा. नुसते बघितले म्हणून तीन वर्षे? वर्तमानपत्रांत मथळे झळकले आणि गावोगावच्या पोरांनी मोबाइलमधली हिस्ट्री पुसून टाकली.

गंमत अशी, की मजकुराच्या खाली ज्या कलमांचा हवाला होता त्यांत तीन लाखांचा आकडाच नाही. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याच्या कलम 63 मध्ये कैद सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आणि दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत आहे. वरचे एक लाख कुणी घातले, ते ज्याने मजकूर टंकला त्यालाच ठाऊक.

हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यासमोर होते. ‘ढिशूम’ हा हिंदी सिनेमा 29 जुलै 2016 रोजी लागणार होता, आणि त्याच्या चोरट्या प्रती रोखाव्यात म्हणून निर्मात्या कंपनीने आधीच दाद मागितली होती. सरसकट संकेतस्थळे बंद करायला न्यायमूर्तींनी नकार दिला. दुवे आधी बाहेरच्या संस्थेने तपासावेत, मग वकिलांनी, आणि त्यावर प्रतिज्ञापत्र यावे, असा क्रम त्यांनी घालून दिला. महिनाभराने प्रश्न त्या पडद्यावरच्या मजकुराचा निघाला. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले, की गुन्हा बघण्यात नाही. परवानगीवाचून वाटण्यात, लोकांना दाखवण्यात, विकायला किंवा भाड्याने देण्यात आहे. मजकूर दुरुस्त करा, तक्रार कुठे करायची तेही तिथे लिहा, असे कंपन्यांना सांगण्यात आले. घाबरवणाऱ्या मथळ्यांना जेवढी जागा मिळाली होती, तेवढी या खुलाशाला मिळाली नाही.

बघणाऱ्याला धाक आणि वाटणाऱ्याला मोकळीक, असा उलटा कारभार आपल्याकडे बरीच वर्षे चालला. बसस्टँडसमोरच्या मोबाइल शॉपीत ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी उघड लटकत असे. 29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ आला आणि त्याची चोरटी प्रत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरली. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा नागराज मंजुळे, त्याचा सिनेमा डोक्यावर घ्यायचा आणि तोच चोरून वाटायचा, यात कुणाला विसंगती वाटली नाही. कलम 63 चा रोख खरा या पाटीवाल्याकडे आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितले. 2023 च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीने तर चित्रपटाच्या चोरीला किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवला. म्हणजे 2016 चा तो चुकीचा आकडा सात वर्षांनी कायद्यात येऊन बसला, पण बघणाऱ्यासाठी नव्हे.

आता टोरेंट. इथे ‘आम्ही फक्त बघतो’ ही सबब टिकत नाही. टोरेंट म्हणजे अशी पंगत, जिथे जेवणाराच वाढपीही असतो. सिनेमाचे तुकडे येत असतात, आणि आलेले तुकडे त्याच क्षणी दुसऱ्या अनोळखी पानांत पडत असतात. पंगतीत बसलेल्या प्रत्येकाचा आयपी पत्ता बाकीच्यांना दिसतो. हक्कदारांनी नेमलेली माणसे त्याच पंगतीत येऊन बसतात, जेवत नाहीत, फक्त पत्ते आणि वेळ टिपतात.

पुढे काय होते ते देशावर अवलंबून. जर्मनीत शिकायला गेलेल्या मराठी मुलांना वरिष्ठ मुले विमानतळावरच बजावतात: इथे टोरेंट नको. तिथे हक्कदार कोर्टाकडून परवानगी घेऊन इंटरनेट कंपनीकडून ग्राहकाचे नाव काढतो आणि वकिलाचे पत्र घरी येते. त्याला आब्माहनुंग म्हणतात. रक्कम काही शे युरोंची असते, पण खरी मेख सोबतच्या हमीपत्रात असते. ते आहे तसे सही करून दिले, की पुढच्या चुकीला जबर दंड आपणच कबूल केलेला असतो. पत्र फडताळात टाकणारा मुदत चुकवतो, आणि घाबरून लगेच सही करणारा जन्माचा बांधला जातो. ग्राहक सल्ला केंद्राकडे धावणारा मुलगा त्यांतल्या त्यात शहाणा. कॅनडात जानेवारी 2015 पासून कंपनीने तक्रार ग्राहकापर्यंत फक्त पोचवायची असते. नाव परस्पर द्यायचे नसते. लोक त्या कागदाला घाबरून पैसे भरू लागले, तेव्हा अशा नोटिसीत तडजोडीची रक्कम मागायलाच 2018 मध्ये बंदी आली. भारतात कंपनीने ग्राहकाला अशी नोटीस पोचवलीच पाहिजे, असे कलम कॉपीराइट कायद्यात नाही.

बीडच्या माणसाला मात्र कॉपीराइटची नोटीस येते ती बहुधा दुसऱ्याच वाटेने: लग्न आणि कीर्तन. वरातीत डीजेवर सिनेमाची गाणी वाजवली तर कलम 52 मध्ये तिला सूट आहे. धार्मिक विधीच्या व्याख्येत कायद्याने वरात आणि लग्नातले इतर सोहळेही बसवले आहेत. पण शुटिंगवाल्याने तीच वरात यूट्यूबवर चढवली की सूट संपते आणि दावा येतो. दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे, एवढे तरी शुटिंगवाल्याने जाणून असावे. दाव्यात बहुधा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात; स्ट्राइक तीन झाले तर चॅनल जाते.

कीर्तनाचे त्याहून नाजूक. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांवर, दासोपंतांवर किंवा तुकोबांच्या अभंगांवर कुणाची मालकी नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ती संपते, आणि या मंडळींना तर शतके लोटली. पण सप्ताहात अभंग गाणाऱ्या कीर्तनकाराचा त्याच्या सादरीकरणावर पन्नास वर्षे हक्क असतो. तेव्हा मोबाइल उभा करून कीर्तन टिपणाऱ्या चॅनलवाल्याला बुवांनी नोटीस धाडली, तर तिला कायद्याचा आधार आहे. उलट, अभंग आमच्या कंपनीचा आहे असा दावा आला तर तो तपासून झिडकारायचा. ध्वनिमुद्रण त्यांचे असू शकते, अभंग नव्हे.

तपासायचे म्हणजे साध्या गोष्टी बघायच्या. पाठवणारा कोण, कृती कोणती, हक्क त्याच्याकडे कसा आला, आणि आपण केले काय असे त्याचे म्हणणे आहे. भारतातल्या नियमांनुसार लेखी तक्रार आली की मजकूर साठवणाऱ्या कंपनीने 36 तासांत तो हटवायचा, पण 21 दिवसांत तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. हे एकवीस दिवस फार थोड्यांना माहीत असतात. बिनबुडाच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम 60 खाली उलट दावाही लावता येतो. आणि ‘चोवीस तासांत पेज बंद होईल, या दुव्यावर पासवर्ड टाका’ असे व्हॉट्सॲपवर आले, तर ती नोटीस नव्हेच. तिथे वकील नको, सायबर मदतीचा 1930 हा क्रमांक हवा.

राहिला आयपी पत्ता. तो घराचा असतो, माणसाचा नसतो. मोबाइलवर तर एकाच पत्त्यामागे एका वेळी कित्येक ग्राहक असतात. शहरातल्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरे एकाच वायफायवर बसतात, आणि पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला असतो. खेड्यात केबलवाल्याने जोडणी दिली ती घरात ज्याचे आधार कार्ड हाताला लागले त्याच्या नावावर. बहुतेक वेळा ते आजोबांचे निघते. नातू वरच्या खोलीत टोरेंट लावून झोपतो. वायफाय पलीकडच्या आळीतले दोघे वापरतात. आणि नोटीस निघालीच, तर ती निघणार आजोबांच्या नावाने, ज्यांच्या खिशात अजून बटणांचाच मोबाइल आहे.