पगार नाकारणारी पलटण



आपल्याकडे सैन्याचा विषय निघाला की बोलणे थेट भीमा कोरेगावला पोहोचते. आज मी तुम्हाला आधी जरा लांब नेणार आहे, अमेरिकेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ही अर्पणपत्रिका आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण त्या मुक्तीच्या युद्धात काळी माणसे स्वतः बंदूक घेऊन उतरली होती आणि शत्रूबरोबरच त्यांना आपल्या सरकारशीही झगडावे लागले, हे आपण फारसे सांगत नाही.

मी बोलणार आहे ५४व्या मॅसॅच्युसेट्स स्वयंसेवक पायदळ पलटणीबद्दल. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ला अमलात आला आणि त्या राज्याचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी काळ्यांची पलटण उभारायला घेतली. राज्यात काळी वस्ती मुळात थोडी. त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, ओहायो, न्यूयॉर्क, अगदी कॅनडातूनही माणसे आली. फ्रेडरिक डग्लस भरतीसाठी सभा घेत हिंडले. त्यांची दोन मुलेही भरती झाली. अधिकारी मात्र गोरे. कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ अवघा पंचवीस वर्षांचा.

१८ जुलै १८६३च्या संध्याकाळी साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट वॅग्नरवर पलटणीने हल्ला केला. सुमारे सहाशे जण चालून गेले. त्यांतले २७२ मेले, जखमी झाले, पकडले गेले किंवा बेपत्ता झाले. शॉ तटावरच पडला. सिनेमावाल्यांना हा हल्ला आवडतो. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून माझे लक्ष पगाराच्या वहीवर जाते.

भरतीच्या वेळी कबूल केला होता गोऱ्या सैनिकाइतकाच पगार, महिना १३ डॉलर. प्रत्यक्षात देऊ केले १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ वजा, म्हणजे हातात ७. आधार काय, तर १८६२चा एक कायदा. तो करताना काळा माणूस सैन्यात येईल तो खंदक खणायला आणि ओझी वाहायला, असे गृहीत धरलेले होते. काम बदलले तरी कागदावरची जात बदलली नव्हती.

पलटणीने पगार घेतलाच नाही. सात डॉलर नकोत, द्यायचे तर तेरा द्या. मग मॅसॅच्युसेट्स राज्य म्हणाले, वरचा फरक आम्ही आमच्या तिजोरीतून भरतो. तेही सैनिकांनी नाकारले. मला हा नकार सगळ्यात मोठा वाटतो. पैसे पूर्ण मिळत होते हो! पण संघराज्याच्या लेखी आपण सात डॉलरचेच राहणार, हे त्यांना दिसत होते. घरून पत्रे येत होती, बायकामुलांचे हाल चालले होते. आपल्यातले जे फेलोशिपमधून घरी पैसे पाठवतात, त्यांना हप्ता लांबला की काय होते ते मी सांगायला नको. ह्यांचे असे दीड वर्ष गेले.

कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग हा पूर्वी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर काम केलेला माणूस. सप्टेंबर १८६३मध्ये त्याने थेट लिंकनला पत्र लिहिले. त्याचा प्रश्न साधा होता: आम्ही सैनिक आहोत की मजूर? दुसऱ्या एका पलटणीत, थर्ड साउथ कॅरोलिनात, सार्जंट विल्यम वॉकरने ह्याच अन्यायावरून आपल्या कंपनीला शस्त्रे खाली ठेवायला लावली. त्याला बंडखोर ठरवून फेब्रुवारी १८६४मध्ये गोळ्या घातल्या. वॉकरच्या पलटणीत गुलामीतून सुटलेली माणसे होती, त्यांच्या पाठीशी गव्हर्नर नव्हता.

जून १८६४मध्ये काँग्रेसने समान पगार मान्य केला. पण मागची थकबाकी पूर्ण मिळणार ती फक्त १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते त्यांना. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती आणखी काय असते? एकाच तंबूत झोपणाऱ्या दोघांत सरकारने पायरी घातली. त्यावर शॉनंतरचे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी एक शपथ तयार केली. त्या तारखेला माझ्याकडून फुकट श्रम घेण्याचा हक्क कोणाही माणसाला नव्हता, एवढेच सैनिकाने म्हणायचे. पूर्वी गुलाम असलेलाही ती खऱ्या मनाने घेऊ शकत होता, कारण असा हक्क कोणालाच नसतो! सप्टेंबरअखेर पलटणीच्या हातात पूर्ण पगार पडला. गुडिंग तोवर नव्हता. तो फ्लोरिडातल्या लढाईत पकडला गेला आणि जुलैमध्ये अँडरसनव्हिलच्या कैदछावणीत मेला.

१८९७ साली बॉस्टनमध्ये ह्या पलटणीचे भव्य शिल्प उभे राहिले. घोड्यावर शॉ, बाजूने चालणारे काळे सैनिक. मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे तेव्हाच कोरली. काळ्या सैनिकांची कोरायला १९८०चे दशक उजाडले.

इथे कोरेगाव आठवणारच. आपल्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी नावे कोरलेली आहेत आणि त्यांचा अभिमान रास्तच आहे. पण ज्या सरकारने ती कोरली त्यानेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जातीं’चा सिद्धांत काढून महारांची भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांना १९१०मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज करून सैन्याची आणि पोलिसांची दारे उघडा असे मागावे लागले. युद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१मध्ये ती मोडून टाकली.