गौरव करू या, पण विचारून

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील गुणवंत विद्यार्थी गौरव समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही आणि कायद्याचा अभ्यासकही नाही. बी. कॉम. झाल्यावर वडिलांच्या कापडाच्या पेढीवर जो बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तेव्हा आजचा विषय मी एका व्यापाऱ्याच्या दृष्टीनेच मांडणार आहे.

विषय असा आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेश निश्चित झाले, की शाळा, कनिष्ठ महाविद्यालये आणि खासगी क्लास यांचे फलक चौकाचौकांत झळकू लागतात. पूर्वी त्यांवर विद्यार्थ्याचे नाव आणि टक्केवारी असे. आता त्याखाली आणखी एक ओळ आलेली आहे. हा विद्यार्थी पुढे कोठे गेला, कोणत्या शहरात, कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या शाखेत. आणि नोकरी लागली असेल तर वार्षिक वेतन किती, हेही त्या ओळीत असते. हीच माहिती शाळेच्या वार्षिक अंकात छापली जाते, संकेतस्थळावर चढते आणि व्हॉट्सॲपवरून गावभर फिरते. आपली संस्थाही दरवर्षी गुणवंतांची यादी छापते. म्हणून हा विषय परक्यांचा नाही, आपल्याच अंगणातला आहे.

शाळेला आपल्या विद्यार्थ्याचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. पुढील वर्षीच्या प्रवेशांसाठी तिला प्रसिद्धी हवी असते, यातही काही गैर नाही. प्रश्न एवढाच आहे, की मूल पुढे कोठे शिकणार, ही माहिती कोणाची? शाळेची, समाजाची, की त्या मुलाची?

कापडाच्या धंद्यातील मंडळींना लग्नाचा बस्ता काय असतो, हे सांगायला नको. बस्ता बांधायला कुटुंब पेढीवर येते, तेव्हा त्या घराची सगळी परिस्थिती आमच्या गादीवर उलगडते. बस्ता कितीचा झाला, रोख किती दिली, उधार किती राहिली, मानपानावरून घरात काय बोलणे झाले, हे सर्व आम्हाला कळते. पण पुढच्या गिऱ्हाइकाला, 'अमक्यांनी एवढ्याचा बस्ता बांधला' असे सांगून माल विकणारा व्यापारी बाजारात फार काळ टिकत नाही. वही आमची असते, परंतु वहीतील गोष्ट गिऱ्हाइकाची असते. ती विश्वासाने ठेवलेली अनामत आहे. शाळेचे रजिस्टर याहून वेगळे कसे असेल? मुलाने गुणपत्रिकेची प्रत शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत पुढच्या प्रवेशासाठी दिली. ती फलकासाठी दिलेली नव्हती.

आपल्या धर्मात अदत्तादानापासून दूर राहण्याचे व्रत सांगितले आहे. जे दिलेले नाही, ते घेऊ नये, इतका त्याचा सरळ अर्थ. आपण तो पैशाला आणि वस्तूला लावतो. माझे नम्र निवेदन आहे, की आजच्या काळात तो माहितीलाही लावावा. एका कामासाठी दिलेली माहिती न विचारता दुसऱ्या कामासाठी वापरणे, हेदेखील न दिलेले घेणेच होय.

यात बिघडते काय, असे कोणी विचारील. माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. वडील एका दुकानात नोकरीला आहेत. मुलगी हुशार निघाली आणि परगावच्या महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. ती शिकत होती त्या शाळेने तिचे छायाचित्र, पूर्ण नाव, महाविद्यालय आणि शहर यांसह मोठा फलक लावला. घरी कोणी विचारले नव्हते. पहिले चार दिवस सर्वांना आनंद झाला. मग नातेवाईक विचारू लागले, की एवढी फी भरली कोणी? कोणकोणत्या क्लासचे आणि शैक्षणिक कर्जाच्या दलालांचे फोन सुरू झाले. पुढे एक अनोळखी मुलगा तिच्या नव्या महाविद्यालयाच्या दारात जाऊन उभा राहिला. तिचा पत्ता त्याला शोधावा लागला नव्हता, तो फलकावरच होता. आईने मुलीला परत बोलावण्याचा हट्ट धरला. मुलगी खंबीर निघाली म्हणून शिक्षण चालू राहिले. जिचा गौरव करायचा होता, तिचेच शिक्षण त्या गौरवाने अडचणीत आले होते.

दुसरी बाजू यादीत नसलेल्यांची आहे. ज्याने आय.टी.आय.ला प्रवेश घेतला, जो वडिलांच्या दुकानात बसला, जिचे शिक्षण घरच्या आजारपणामुळे थांबले, त्यांची नावे फलकावर नसतात. लहान गावात आणि आपल्यासारख्या लहान समाजात न छापलेले नावही लोक वाचतात. तिसरी बाजू काळाची आहे. कागदी फलक पावसाळ्यात फाटून जातो, पण संकेतस्थळावरील नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. मुलाने पहिल्या वर्षानंतर शाखा बदलली, तो परत आला, त्याने वेगळीच वाट धरली, तरी ती जुनी ओळ त्याच्या मागे लागलेली असते. सतराव्या वर्षी निवडलेल्या वाटेचा जाब त्याने सत्ताविसाव्या वर्षी का द्यावा?

देशाचा कायदाही आता याच दिशेने चालला आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्यातील मुख्य तरतुदी नियमांनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेणे आवश्यक केले आहे. बालकांविषयीची जबाबदारी मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्कही त्यात आहे, आणि मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे.

खासगी क्लासच्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव, छायाचित्र वा मनोगत त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरता येणार नाही, आणि ही संमती निवड झाल्यानंतर घेतलेली असावी, असे त्यांत म्हटले आहे. यातील मर्म लक्षात घ्या. प्रवेशाच्या वेळी पालक कोणत्याही कागदावर सही करतात, कारण त्या वेळी ते गरजू असतात. ती सही खरी संमती नव्हे. ही तत्त्वे क्लाससाठी आहेत, शाळांसाठी नाहीत. पण जे क्लासने पाळावे, ते विद्यामंदिराने आणि धर्मादाय संस्थेने आधी पाळावे. परीक्षा मंडळांनीही बदल स्वीकारला आहे. आपल्या राज्य मंडळाची गुणवत्ता यादी एके काळी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येत असे. ती प्रथा मंडळाने बंद केली. विद्यार्थ्यांमधील अनिष्ट स्पर्धा टाळावी, म्हणून सी.बी.एस.ई.नेही गुणवत्ता यादी जाहीर करणे थांबवले.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की शासनाच्या प्रवेशाच्या याद्या जाहीर असतात, मग आपली का नको? त्या याद्यांमागे एक हेतू आहे. आपल्यावर अन्याय झाला काय, हे प्रत्येक उमेदवाराला पडताळून पाहता यावे, हा तो हेतू. आपल्या फलकामागे तसा हेतू नसतो. दुसरा आक्षेप देणगीदारांचा. आम्ही शिष्यवृत्तीला पैसा दिला, तो कोणाला मिळाला हे आम्हाला कळायला नको काय? हिशेब कळलाच पाहिजे. किती विद्यार्थ्यांना किती रक्कम दिली, हे अहवालात छापावे आणि नावनिशी कागद लेखापरीक्षकांपुढे ठेवावेत. खाते लेखापरीक्षकाला दाखवायचे असते, बाजाराला नव्हे. आपण गुप्तदानाची थोरवी गातो. देणाऱ्याचे नाव गुप्त राहणे जर थोर, तर घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणे हे त्याहून निकडीचे आहे. कारण देणाऱ्याचे नाव कळले तर त्याचा मान वाढतो, घेणाऱ्याचे कळले तर त्याची मान खाली जाते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्यांचे यश पाहिल्यावाचून लहानांना प्रेरणा कशी मिळेल? प्रेरणा अवश्य मिळावी. पण ती फलकावरील टक्केवारीपेक्षा, एखादा विद्यार्थी स्वतःहून पुढे येऊन आपला प्रवास सांगतो, तेव्हा अधिक मिळते. असा कार्यक्रम आपण जरूर घ्यावा. ज्याला सांगायचे आहे त्याने सांगावे, ज्याला नको त्याला कारण विचारू नये.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी विश्वस्त मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवतो. गौरवासाठी मागवायच्या अर्जात नाव, छायाचित्र, गुण आणि पुढील महाविद्यालय यांच्या संमतीसाठी चार स्वतंत्र चौकटी असाव्यात. एकीला होकार म्हणजे चारही गोष्टींना होकार नव्हे. हा अर्ज निकालानंतर भरून घ्यावा आणि पालकांच्या सहीबरोबर विद्यार्थ्याचीही सही घ्यावी. चौकटी रिकाम्या ठेवल्या म्हणून कोणाचे पारितोषिक वा शिष्यवृत्ती अडू नये. शिष्यवृत्ती घेणाऱ्यांची यादी कोठेही छापू नये. संकेतस्थळावरील जुनी नावे ज्यांना काढून हवी असतील, त्यांच्या एका पत्रावर ती काढावीत. आपल्या शाळेचे विद्यार्थी पुढे कोणकोणत्या क्षेत्रांत गेले, हे सांगायचे असल्यास आकड्यांत सांगावे आणि त्या आकड्यांत दुकानात बसलेल्यालाही मोजावे. मात्र जेथे आकडा एक-दोनचाच असेल, तेथे तो अनेक वर्षांचा एकत्र द्यावा. नाहीतर नाव न छापताही सगळ्या गावाला ते कळते.

आजही या सभागृहात काही मुलांची नावे पुकारली जातील, काहींची जाणार नाहीत. दोन्ही मुले आपलीच आहेत. विद्यार्थी मित्रांनो, तुमची पुढची वाट तुमची आहे. ती कोणाला सांगायची, केव्हा सांगायची, हे तुम्ही ठरवावे. आम्ही वडीलधाऱ्यांनी पाठीवर हात ठेवावा, आणि फलकावर नाव घालण्याआधी तुम्हाला विचारावे. गेल्या पन्नास वर्षांत समाजाने या संस्थेवर जो विश्वास टाकला, तो तिच्या इमारतींहून मोलाचा आहे. पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांनाही तो तसाच वाटावा, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो आणि माझे मनोगत संपवतो.

जय जिनेंद्र!