हिशेबाचे नियम कोणी करावेत?



दुकानदारानेच वजने घडवावीत आणि त्यानेच माल तोलावा, ही रीत कोणत्याही बाजारात मान्य होत नाही. देशाच्या तिजोरीच्या बाबतीत मात्र ती आजही चालू आहे.

राज्यघटनेच्या कलम १५० प्रमाणे हिशेबाचा नमुना ठरविण्याचा अधिकार मुळात, राष्ट्रपतींच्या मान्यतेने, महालेखापरीक्षकांचा होता. आणीबाणीत, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने तो राष्ट्रपतींकडे, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाकडे गेला. महालेखापरीक्षकांशी केवळ विचारविनिमय उरला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने त्यांच्या सल्ल्याला पुन्हा स्थान दिले. २००२ साली त्यांनी शासकीय लेखामानकांसाठी मंडळही नेमले. परंतु ते सल्लागार मंडळ आहे. त्याने केलेले मानक सरकारने अधिसूचित केल्यावाचून अंमलात येत नाही.

हा कारकुनी प्रश्न नव्हे. केंद्राचे हिशेब रोकड पद्धतीचे आहेत. पैसा प्रत्यक्ष दिला तरच खर्च धरला जातो. थकविलेले देणे त्या वर्षीच्या खर्चात दिसत नाही. २०१६-१७ पासून अन्न महामंडळाचे थकलेले अनुदान राष्ट्रीय अल्पबचत निधीच्या कर्जातून भागविले गेले. पोस्टात पै-पैसा ठेवणाऱ्यांच्या बचतीवर रेशनचा गाडा चालला आणि वित्तीय तूट कागदावर लहान राहिली. महालेखापरीक्षकांनी अशा अर्थसंकल्पाबाह्य कर्जांवर बोट ठेवले. अखेर २०२१ च्या अर्थसंकल्पात ही कर्जे फेडण्याची तरतूद झाली. तेव्हा २०२०-२१ च्या अन्न अनुदानाचा आकडा सुमारे १ लाख १५ हजार कोटींवरून ४ लाख २२ हजार कोटींवर गेला. त्यात कोविडकाळातील मोफत धान्य होते, तसेच वर्षानुवर्षे लपलेले देणेही होते.

या लपवाछपवीची किंमत गरिबालाच मोजावी लागते. जुने देणे एकाएकी उघडे पडले की अनुदानाचा बोजा वाढल्याची ओरड होते आणि रेशनला कात्री लावण्याची मागणी पुढे येते.

तज्ज्ञांच्या हाती राज्य देऊ नये, ही शंका रास्त आहे. अनुदान किती द्यावे, हे लोकप्रतिनिधींनीच ठरवावे. परंतु दिलेल्या वचनाची रक्कम कशी मांडावी, हे वचन देणाऱ्याने ठरवू नये. म्हणून मानके स्वतंत्र मंडळाने करावीत, मसुदे जनतेपुढे ठेवावेत, आणि सरकारला ती नाकारायची असल्यास त्याने कारणे संसदेत द्यावीत.

अर्थसंकल्प आला की कार्यकर्त्यांनी खर्च किती, एवढेच विचारून थांबू नये. थकले किती, हेही विचारावे. खरा हिशेब हा जनतेचा हक्क आहे.