"थोरला काय करतो सध्या?"

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



माझा विषय पीक व्यवस्थापनाचा. आज मात्र घरातल्या एका अडचणीबद्दल बोलणार आहे. कर्ता मुलगा दारूच्या आहारी जातो किंवा मानसिक आजाराने घरी बसतो. मग बाजारात, लग्नात, पारावर एकच प्रश्न येतो, "थोरला काय करतो सध्या?" या प्रश्नाच्या धास्तीने आई हळदीकुंकवाला जायचे सोडते आणि बाप आडवाटेने बाजार गाठतो.

हे मी आमच्याच घरी पाहिले आहे. माझा थोरला भाऊ पुण्याची नोकरी सोडून रात्रीच्या एस.टी.ने गावी परतला. त्याला झोप नव्हती, कशात मन नव्हते. वडील गावात सांगत, "तो पुण्यालाच आहे, कंपनीत." मग एका थापेला दुसरी जोडावी लागली. ओसरीवर कोणी आले की भाऊ माजघरात दार लावून बसायचा. मळ्यात जाणे बंद झाले, दवाखानाही लांबला. असे सात-आठ महिने गेले. बरे वाटू लागल्यावर तो म्हणाला, "आजाराचा त्रास होताच, पण मी घरात असून नाही, हे जास्त लागलं." हे सर्व त्याला विचारूनच सांगत आहे.

पीक पिवळे पडले की बांधावरून जाणारा प्रत्येक जण उपाय सांगतो. कोणी म्हणतो युरिया टाका. पण चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर बहुधा लोहाची कमतरता असते. तिथे युरिया कामाचा नाही. म्हणून आपण सर्वांचे ऐकतो, पण पान जाणकाराला दाखवतो. मुलाच्या बाबतीतही तसेच करावे.

१) उत्तर आधीच ठरवा. ते छोटे आणि खरे असावे. "त्याची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत. विचारलंत, बरं वाटलं." उपचार सुरू नसतील तर तब्येतीपुरतेच सांगा. मग विषय बदला, "तुमचा कांदा निघाला का?" समोरचा खोदू लागला तर तेच वाक्य पुन्हा सांगा.

२) उत्तर मुलाला विचारून ठरवा. तो सज्ञान आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आजाराची माहिती गुप्त राहणे हा रुग्णाचा हक्क आहे. जे डॉक्टर बाहेर सांगत नाहीत, ते आपण चहाच्या टपरीवर का सांगावे?

३) घरात सर्वांचे उत्तर एकच असावे. पाहुणे लहान मुलांनाही विचारतात. त्यांना "आजोबांना विचारा" एवढेच शिकवा.

४) एक-दोन माणसांना मात्र सगळे सांगा. कोणी रीत म्हणून विचारतो, कोणी चघळायला विषय हवा म्हणून. पण अर्ध्या रात्री धावून येणारेही असतात. वडिलांनी शेवटी बांधशेजारच्या तात्यांना सांगितले. तात्यांचा मेहुणा अशाच आजारातून गेला होता. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाची वाट त्यांनीच दाखवली.

५) सोयरिकीत लपवू नका. "लग्न झालं की सुधारेल" म्हणून आजार किंवा व्यसन झाकणे म्हणजे दुसऱ्याच्या मुलीची फसवणूक आहे. तिच्या घरच्यांचा प्रश्न भोचकपणाचा नाही, हक्काचा आहे.

मुलगा मरणाची भाषा बोलू लागला, तर लोक काय म्हणतील हा विचार आधी सोडा. कीटकनाशके, तणनाशके घरातून हलवा किंवा कुलपात ठेवा. त्याला एकटे सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. सल्ल्यासाठी शासनाची 'टेली-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते.

माझा भाऊ आज मळा पाहतो. गोळ्या चालू आहेत. कोणी विचारले तर तो स्वतःच सांगतो, "तब्येत बिघडली होती, आता बरी आहे."

शेवटी एक विनंती. कधी कधी विचारणारे आपणच असतो. अशा घरी गेलात तर "पोरगा काय करतो?" असे विचारू नका. "दवाखान्यात जायचं असेल तर माझी गाडी आहे," एवढे म्हणा.