फॉर्म आपल्या हातानं भरा
(रत्नागिरीत सीईटी दिलेल्या विद्यार्थ्यांसमोर आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर मुलं-मुली आहेत, त्यांचे आईवडील आहेत, मागच्या रांगेत काही मामू आणि चाचाही दिसतायत. बरं झालं. कारण मी जे बोलणार आहे ते एकट्या मुलांसाठी नाही. निकाल लागला की आपल्या घरात पहिला प्रश्न येतो, "किती पडले?" आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरा, "याला कुठं घालायचा?" ज्याला चार वर्षं शिकायचंय त्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

माझंच सांगतो. मी बारावी झालो तेव्हा अब्बा कुवेतला होते. घरात कॉम्प्युटर नव्हता. ओळखीच्या एका सायबर कॅफेत गेलो. त्यानं विचारलं, "मार्क किती?" मी सांगितले. त्यानं मागच्या वर्षीचे कटऑफ बघितले आणि म्हणाला, "हे कॉलेज तुला लागणार नाही, कशाला टाकतोस?" मला तेच कॉलेज हवं होतं. मी गप्प बसलो. त्यानं स्वतःच्या अंदाजानं यादी भरली, मी पैसे दिले आणि घरी आलो. त्या वर्षी त्या कॉलेजचा कटऑफ खाली आला. माझ्यापेक्षा कमी मार्कांचा एक मुलगा तिथं गेला. मला सीट नाकारली गेली नव्हती. मी ती मागितलीच नव्हती. दोष त्या कॅफेवाल्याचा नाही. फॉर्म माझा होता.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायला आलोय. पसंतीक्रमाचा फॉर्म आपल्या हातानं भरा, समजून भरा.

आधी पर्सेंटाइल समजून घ्या. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. परीक्षा दिलेल्या १०० मुलांतली ९० तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागं आहेत, एवढाच त्याचा अर्थ. प्रवेश मिळतो तो गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर.

आता कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. यंत्र तुमच्या यादीतला पहिला पर्याय बघतं. तुमच्या क्रमांकाला तिथं जागा असेल तर देतं. नसेल तर दुसरा बघतं, मग तिसरा. जागा मिळाली की त्या फेरीत खालचे पर्याय बघतच नाही. यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, अवघड वाटणारं कॉलेज वर टाकल्यानं खालचं कॉलेज हातचं जात नाही. तिथं जागा नसेल तर यंत्र पुढं सरकतं, एवढंच. दुसरी, जे कॉलेज मनापासून नकोय ते वर टाकायचं नाही. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती पक्की धरली जाते, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही. नंतरच्या फेऱ्यांचे नियम अधूनमधून बदलतात. म्हणून थोरल्या भावाच्या वेळी काय होतं ते विचारू नका. सीईटी कक्षाची यंदाची माहितीपुस्तिका उघडा आणि वाचा.

मागच्या वर्षीचे कटऑफ जरूर बघा. पण ते यादी कुठपर्यंत खाली न्यायची हे ठरवण्यासाठी. वर काय लिहायचं हे तुमची इच्छा आणि तुमची चौकशी ठरवेल.

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रत्नागिरी मुंबई विद्यापीठात येते. विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी ७० टक्के आणि बाहेरच्यांसाठी ३० टक्के अशी जिथं विभागणी असते, तिथं मुंबई, ठाणे, पनवेलच्या कॉलेजांत आपण घरचे ठरतो. कोल्हापूर आपल्याला जवळचं, आंबा घाट चढला की झालं. पण तिथली बरीच कॉलेजं शिवाजी विद्यापीठाची, तिथं आपण बाहेरचे. आणि ज्यानं बारावीच कोल्हापुरातून केली, त्याचं गणित उलटं होतं. कारण बारावी कुठून झाली ते बघितलं जातं. कटऑफच्या तक्त्यात आपला रकाना कोणता, हे आधी ओळखा.

घराजवळचे पर्यायही नीट मोजा. रत्नागिरीत फिनोलेक्स अकादमी आहे, देवरुखजवळ आंबवला राजेंद्र माने कॉलेज, खेडजवळ लवेलला घरडा इन्स्टिट्यूट. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आता रत्नागिरीत सुरू झालंय. लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. मुंबईचं नाव मोठं आहे, पण तिथलं भाडं आणि खानावळही मोठी आहे.

अल्पसंख्याक दर्जाची कॉलेजंही आहेत. भायखळ्याचं साबू सिद्दीक, पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, वांद्र्याचं रिझवी. तिथं आपल्या समाजासाठी जागा राखीव असतात आणि त्याही कॅपमधून भरल्या जातात. त्यासाठी पुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र लागतं. आपलं कॉलेज आहे म्हणून डोळे मिटून टाकू नका, आणि आपलं आहे म्हणून नाक मुरडून टाळूही नका. इतरांना लावता तीच फूटपट्टी लावा.

ती फूटपट्टी कोणती? कॉलेजला नॅकचा दर्जा आहे का, आणि तुम्हाला हव्या त्या शाखेला एनबीएचं मानांकन आहे का, हे वेगवेगळं बघा. जाहिरातीत सर्वांत मोठं पॅकेज छापतात. ते एका मुलाचं असतं. त्या शाखेत मुलं किती होती, नोकरी किती जणांना लागली आणि मधल्या मुलाला किती पगार मिळाला, ते विचारा. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजचं ऑफिस बघू नका, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा. कँटीनमध्ये चहा पाजा आणि विचारा, प्रयोगशाळेत तुमचा हात यंत्राला लागतो की फक्त जर्नल लागतं? शिक्षक सगळ्या विषयांना आहेत का? एका चहात जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकात कळत नाही.

शाखेचंही तसंच. सध्या सगळ्यांना कॉम्प्युटर नाही तर एआय हवंय. आवड असेल तर जरूर घ्या. पण शेजारच्यानं घेतलं म्हणून घेऊ नका. आपल्याच जिल्ह्यात लोटे-परशुरामला रासायनिक कारखाने आहेत, जयगडला वीजप्रकल्प आणि बंदर आहे. आखातात आपल्या माणसांनी आजवर ज्या कामांवर घाम गाळला, ती सिव्हिलची, मेकॅनिकलची, इलेक्ट्रिकलची होती. तिथं मजूर आणि फोरमन म्हणून गेलेल्यांची मुलं इंजिनिअर म्हणून जाऊ शकतात.

आता पैशाचं. इथं आपली घरं सगळ्यात जास्त फसतात. निकालानंतर आठवडाभरात फोन येतो, "सीट आहे, लगेच पैसे भरा, नाहीतर जाईल." अम्मीचे दागिने निघतात, कुणी कर्ज काढतं. एक लक्षात ठेवा, कॅप संपायच्या आधी घाई करून संस्थास्तरावरची सीट घेतली की फीसवलतीच्या मोठ्या योजना हातातून जातात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत मिळते, पण प्रवेश कॅपमधून हवा. टीएफडब्ल्यूएस नावाच्या जागा असतात, त्यात शिक्षण शुल्क माफ असतं. त्यांचा कोड फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो, आणि कित्येक जण तो भरतच नाहीत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यापलीकडे कुणी डोनेशन मागत असेल तर तो कायद्यानं गुन्हा आहे, १९८७ पासून.

मुलींच्या बापांना आणि भावांना वेगळं सांगतो. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकारनं पूर्ण माफ केलंय. आपल्यातले काही समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांनी जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर यांच्यामागं आजच लागावं. जे त्यात नाहीत आणि ईडब्ल्यूएसच्या निकषात बसतात, त्यांनी तहसील गाठावं. म्हणजे पुष्कळ घरांत मुलीला पैशासाठी थांबवायचं कारण उरत नाही. मग उरतं काय? "लांब आहे." ठीक आहे. मग बापानं तिच्याबरोबर जाऊन वसतिगृह बघावं, रेक्टरशी बोलावं, स्टेशनपासूनचा रस्ता चालून बघावा. एवढं करून नाही म्हणालात तर ते मत झालं. न बघता नाही म्हणालात तर ती भीती झाली, आणि तिची किंमत मुलगी मोजते.

ही किंमत किती मोठी आहे? २०११ च्या जनगणनेत देशात आपण १४.२ टक्के. २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या सर्वेक्षणात विद्यार्थ्यांमध्ये आपण ४.६ टक्के. याची कारणं पुष्कळ आहेत. काही सरकारकडं मागायची आहेत, ती मागत राहू. पण न भरलेला कोड, न काढलेला दाखला, न विचारलेली मुलगी, ही कारणं आपल्या घरातली आहेत आणि ती याच महिन्यात दूर होऊ शकतात.

मोठ्यांशी मशवरा करा. जरूर करा. ज्यांनी पाहिलंय, भोगलंय, त्यांचं ऐका. पण मशवरा म्हणजे फॉर्म दुसऱ्याच्या हाती देणं नव्हे.

घरी गेल्यावर एक वही घ्या. आधी मुलानं किंवा मुलीनं एकट्यानं बसून आपली यादी लिहायची, वरून खाली, खऱ्या मनानं. मग ती अब्बा-अम्मीसमोर ठेवायची आणि प्रत्येक नावापुढं 'का' ते सांगायचं. वाद होईल, होऊ द्या. नोंदणीचा मोबाइल नंबर आपला ठेवा, पासवर्ड आपल्याकडं ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका. फॉर्म पक्का करायच्या आधी तो वहीशी ताडून बघा, मग प्रिंट काढून जपून ठेवा.

कॉलेज कुठलंही मिळो. यादी तुमची असेल तर चार वर्षं निभावायची जबाबदारीही तुमची वाटेल. माझ्या कागदावरची यादी दुसऱ्याची होती. तुमची तशी नसू दे.

आता प्रश्न विचारा, आणि आधी मुलींनी विचारा.