कर्ज पाइपांसाठी काढावं, पगारासाठी नाही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नगरपालिकेच्या लेखा विभागात माझी तीसेक वर्षं गेली. आमच्या गावात जकात होती. रोज संध्याकाळी नाक्यांवरची रोकड यायची. ती मोजून तिजोरीत ठेवली की उद्याची चिंता मिटायची. १९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली आणि आम्ही सरकारी अनुदानाकडे डोळे लावून बसू लागलो. अनुदान आलं की पगार, लांबलं की उसनवारी.

ही उसनवारी कुणाकडून होत असे? आमच्याच सफाई कामगारांकडून. त्यांच्या पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जाई, पण खात्यात भरला जात नसे. तो पुढच्या पगाराला वापरला जाई. एक कामगार निवृत्त झाला आणि मुलीच्या लग्नासाठी हक्काचे पैसे मागायला माझ्या टेबलापाशी आला. चार वर्षांची रक्कम भरलेलीच नव्हती. लग्न सावकाराच्या पैशांवर झालं. आमच्या हिशेबात मात्र कर्जाच्या रकान्यात शून्य होतं!

म्हणून सांगतो, कर्ज नाही म्हणजे कारभार चांगला, असं समजू नका. थकलेली बिलं, न भरलेला निधी हेही कर्जच, फक्त न सांगता काढलेलं. उलट पाण्याची पाइपलाइन पुढच्या पिढीलाही उपयोगी पडते. तिच्यासाठी कर्ज काढून हप्ते काही वर्षं फेडले, तर त्यात गैर काहीच नाही. घर बांधायला कर्ज काढणारा शहाणा; वाण्याची उधारी फेडायला कर्ज काढणारा बुडतो.

न्यूयॉर्कसारखं श्रीमंत शहर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं, ते असंच. रोजच्या खर्चासाठी अल्प मुदतीची कर्जं काढायची, ती फेडायला पुन्हा नवी काढायची. बँकांनी हात आखडता घेतला आणि हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

आता अहमदाबाद पाहा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ही महापालिका तोट्यात होती. तिने आधी जकात आणि मालमत्ता कराची गळती थांबवली, मग स्वतःचं पतमानांकन करून घेतलं आणि १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे कर्जरोखे काढले. पैसा पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी होता. परतफेडीसाठी ठराविक जकात नाक्यांचं उत्पन्न बाजूला काढून ठेवलं. आधी वसुली, मग कर्ज, हा क्रम महत्त्वाचा.

आता ती जकात राहिली नाही. मुंबईतलीही २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेली. शहरांच्या स्वतःच्या हातात मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी उरली. तीही निवडणुकीच्या तोंडावर माफ करण्याची भाषा होते आणि आपण टाळ्या वाजवतो! ती माफी शेवटी कुणाच्या खात्यातून जाते, हे मी पाहिलं आहे.

तेव्हा अंदाजपत्रक आलं की आपल्या नगरसेवकाला तीनच प्रश्न विचारा : थकबाकी किती? कर्ज कशासाठी? आणि हप्ता कुठल्या उत्पन्नातून? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.